लिफ्ट केलेल्या गाडीचा कॅस्टर: मोजायचा कसा, परत आणायचा कसा

गाडीची उंची वाढवणारं लिफ्ट किट बसवून आठवडा उलटत नाही तोच फोन येतो आणि तक्रार ठरलेली असते. "गावात ठीक चालते हो, पण हायवेला लागली की एका रेषेत राहत नाही. सारखी धरून ठेवावी लागते. वळण घेतलं की स्टेअरिंग परत यायचं नाव घेत नाही. अलाइनमेंट केली, मशीनवर सगळं हिरवं दाखवलं." मी तुर्भे एमआयडीसीत अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं काम करतो. घोडबंदर रोडपासून उरणपर्यंतच्या जिम्नी, जिप्सी आणि जुन्या पाटेवाल्या जीप माझ्याकडे येतात, आणि अशा दहातल्या बहुतेक गाड्यांचं दुखणं एकच असतं: गाडी उचलली, पण उचलताना गेलेला कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे असलेला झुकाव, कुणी परत आणला नाही.

"सगळं हिरवं" होतं ते टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते. सॉलिड एक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर असलेल्या गाडीला कंपनीने टो सोडून दुसरं काही फिरवायला दिलेलंच नसतं, म्हणून बरीच दुकानं टो जुळवतात आणि गाडी सोडतात. कॅस्टर मोजायचा तर चाकं टर्न प्लेटवर, म्हणजे फिरत्या तबकडीवर घेऊन डावी-उजवीकडे ठरावीक डिग्री फिरवावी लागतात. त्याला थोडा वेळ जातो, तो कुणी देत नाही. तुम्ही गाडी घेऊन जाल तेव्हा आधीच सांगा, "कॅस्टर स्वीप करून प्रिंट हवी." तुमच्या समोर चाकं फिरवली नाहीत, तर प्रिंटवरचा कॅस्टरचा आकडा त्या दिवशीचा नाही असं समजा.

कॅस्टर म्हणजे नेमकं काय, आणि लिफ्टने तो का जातो

चाक ज्या आसाभोवती डावी-उजवीकडे वळतं तो किंगपिनचा आस. गाडीकडे बाजूने पाहिलं तर हा आस सरळ उभा नसतो, त्याचं वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असतं. हा झुकाव म्हणजे पॉझिटिव्ह कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा असाच तिरका असतो, हात सोडले तरी सायकल सरळ जाते त्यात त्याचाही वाटा असतो. आसाची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. टायर त्या रेषेच्या मागे ओढला जातो आणि आपोआप सरळ होऊ बघतो.

हे अंतर केवढं असतं ते आकड्यात बघा. जिम्नीला कंपनीचा टायर १९५/८० आर १५. गाडीच्या वजनाखाली एक्सलच्या मध्यापासून जमिनीपर्यंत साधारण ३३० मिलिमीटर धरू. कॅस्टर ३ डिग्री असेल तर हे अंतर सुमारे १७ मिलिमीटर येतं. कॅस्टर अर्ध्या डिग्रीवर आला की उरतं फक्त ३ मिलिमीटर. स्टेअरिंगला सरळ ठेवणारा जोर एवढा घटल्यावर शेजारून ट्रेलर गेला, रस्त्याला चर आला, वारा लागला, की गाडी हलणारच. कॅस्टर शून्याच्या खाली गेला तर चाक सरळ होण्याऐवजी आणखी वळू बघतं, आणि अशी गाडी मी गिऱ्हाइकाला हायवेवर नेऊ देत नाही.

आता तो जातो कसा. जिम्नीच्या पुढच्या एक्सलला दोन्ही बाजूंनी एकेक लांब आर्म आहे. आर्मचं मागचं टोक चॅसीला एका बुशवर (बोल्टभोवतीची रबरी गादी), पुढचं टोक एक्सलला दोन बुशांवर. एक्सल आर्मला दोन ठिकाणी जखडलेला असल्यामुळे आर्म जेवढा फिरेल तेवढाच एक्सलही फिरतो. लांब स्प्रिंग घातली की चॅसी वर जाते, आर्मचं पुढचं टोक त्या मानाने खाली येतं, आणि एक्सल पुढे लोळतो. किंगपिनचं वरचं टोक पुढे आलं, कॅस्टर गेला.

किती गेला हे टेपने काढता येतं. आर्मच्या मागच्या बुशच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. लिफ्टचे मिलिमीटर भागिले हे अंतर, गुणिले ५७.३. समजा अंतर ८०० आणि लिफ्ट ५० मिलिमीटर, तर जवळपास साडेतीन डिग्री गेली. किटच्या खोक्यावर "२ इंच" छापलेलं असतं, पण गाडी प्रत्यक्षात किती उठली ते स्प्रिंगवर, पुढच्या लोखंडी बंपरवर, विंचवर अवलंबून असतं. म्हणून किट घालण्याआधी आणि नंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. हिशोब त्या फरकाचा करायचा, खोक्यावरच्या आकड्याचा नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त उचलली असेल तर अख्खी गाडी नाकावर झुकते आणि त्यातही कॅस्टर जातो. पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिलिमीटर. मागे २५ मिलिमीटर जास्त उंची म्हणजे अर्धी डिग्री आणखी गेली. उलट मागे सामान भरलं की तेवढी परत येते. त्यामुळे गाडी एरवी ज्या वजनाने चालते त्याच वजनाने मोजायची. रूफ रॅक, टूलबॉक्स, दोन जेरीकॅन नेहमी गाडीत असतील तर मोजतानाही असू द्या.

आधी झीज बघा

कॅस्टरला हात लावण्याआधी गाडीत ढिलेपणा आहे का ते पाहायलाच हवं. झिजलेल्या बुशवर कॅस्टर जुळवणं म्हणजे पैसे पाण्यात.

पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खडखड लागली तर जोडीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिनचं बेअरिंग. मग गाडी खाली घ्या, इंजिन चालू ठेवा, जोडीदाराला स्टेअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे झटकत ठेवायला सांगा आणि तुम्ही खाली झोपून पॅनहार्ड रॉडची (एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) दोन्ही टोकं, ड्रॅग लिंक (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि टाय रॉडचे (दोन चाकं जोडणारा दांडा) बॉल जॉइंट बोटाने चाचपा. पॅनहार्डच्या बुशमध्ये नुसतं डोळ्याला दिसेल एवढं हलणं असेल तरी तो बदला. ७०-८० च्या वेगात खाडीपुलाच्या जोडावर चाक आपटल्यावर स्टेअरिंगला जो थरकाप सुटतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. त्यावर नुसता जाड स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा शॉक) लावून देणारे बरेच आहेत. डॅम्परने थरकाप काही दिवस दबतो आणि झीज आत वाढत राहते.

आणि एक उलटं प्रकरण. काही जण कॅस्टर भरपूर वाढवून मागतात, "गाडी रेल्वेसारखी सरळ गेली पाहिजे." मोठे टायर, बाहेर काढलेले रिम आणि जास्त कॅस्टर एकत्र आले की स्टेअरिंग जड होतं आणि थरकाप वाढतो. लिफ्टआधीचा तुमच्या गाडीचा आकडा हे ध्येय ठेवा. २१५/७५ आर १५ सारखे थोडे मोठे टायर असतील तर त्याहून फार तर एक डिग्री वर. तो जुना प्रिंटआउट हाताशी नसेल तर मशीनमध्ये तुमच्या मॉडेलचा कंपनीने दिलेला आकडा असतो, तो घ्या.

घरच्या घरी मोजमाप

मशीनकडे जाण्याआधी आणि काम चालू असताना दर वेळी गाडी हलवणं शक्य नसतं. त्यासाठी चुंबकवाला डिजिटल अँगल गेज पुरतो. सोसायटीच्या पार्किंगला पाणी जायला उतार दिलेला असतो, म्हणून आधी फरशीचा उतार काढा. पुढची दोन्ही चाकं जिथे टेकतात तिथून मागच्या चाकांपर्यंत सरळ अॅल्युमिनियमची पट्टी किंवा पाण्याची नळी धरून पातळी बघा. फरक असेल तर खालच्या चाकांखाली प्लायचे तुकडे घालून समतल करा. टायरची हवा चारही चाकांत नेहमीची हवी. बंपरवर उभं राहून गाडी दोन-चार वेळा दाबा म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल. स्टेअरिंग नव्हे, चाकं सरळ आहेत ना ते पाहा.

आता किंगपिनच्या वरचं झाकण शोधा, चार बोल्टचं. त्याची वरची बाजू सपाट आहे. चिखल, गंज, रंगाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढा. मी त्यावर बोल्टांच्या मधून जाईल एवढी अरुंद पोलादी पट्टी ठेवतो, गाडीच्या लांबीच्या दिशेने, आणि गेज त्या पट्टीवर. गेज आधी खरोखर समतल जागेवर शून्य करून घ्यायचा, उताराच्या फरशीवर नव्हे. मग तो किंगपिनवर जो आकडा दाखवेल तो तुमचा कॅस्टर. झाकणाची मागची कड पुढच्यापेक्षा खाली असेल तर पॉझिटिव्ह. पट्टी उचलून उलटी करून पुन्हा मोजा. दोन आकडे जुळले तरच लिहा. हे दोन्ही बाजूंना करा.

दोन्ही बाजूंत अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त फरक आला तर थांबा. सॉलिड एक्सलला डावं-उजवं वेगळं असायचं काही कारण नाही. एक्सल पिळलाय, आर्म वाकलाय किंवा एका बाजूचा बुश गेलाय. गाडी ज्या बाजूचा कॅस्टर कमी त्या बाजूला ओढते, आणि हे दुरुस्त केल्याशिवाय पुढचं काम करू नका.

झाकणावर गेज बसत नसेल तर एक्सलच्या हाउसिंगवरची कुठलीही मशीन केलेली सपाट जागा निवडा आणि मार्करने खूण करा. तिथला आकडा कॅस्टर नसेल, पण लिफ्टआधी आणि नंतरचा फरक तोच येईल, आणि आपल्याला फरकच हवाय.

जिम्नी: बुश, ब्रॅकेट की नवे आर्म

तीन रस्ते आहेत. माझं मत आधीच सांगतो: गेलेला कॅस्टर दोन-अडीच डिग्रीच्या आत असेल तर ऑफसेट बुश, त्याच्या पुढे असेल तर बाक दिलेले नवे आर्म. ड्रॉप ब्रॅकेट मी ऑफरोडला खरोखर जाणाऱ्या गाडीला सहसा घालत नाही.

ड्रॉप ब्रॅकेट म्हणजे आर्मचं चॅसीकडचं टोक खाली आणणारं ब्रॅकेट. लिफ्टएवढंच खाली आणलं तर आर्म मूळच्या कोनात येतो, कॅस्टर पूर्ण परत येतो आणि खड्ड्यात गाडी आपटायचीही कमी होते. रस्त्यावर सगळ्यात छान चालणारी गाडी याच रस्त्याने होते. पण ते ब्रॅकेट नेमकं पुढच्या चाकामागे, दगडावर सगळ्यात आधी घासेल अशा जागी लोंबतं. उंची मिळवायला लिफ्ट केली आणि तीच उंची ब्रॅकेटने खाल्ली. तुमची गाडी पनवेल आणि लोणावळ्यापलीकडे फारशी जात नसेल तर मात्र हाच पर्याय घ्या.

ऑफसेट बुशमध्ये भोक मध्याऐवजी बाजूला सरकवलेलं असतं. एक्सलकडचे दोन्ही बुश, दोन्ही बाजूंना, म्हणजे चार बुश बदलायचे. भोकाची दिशा चुकली तर कॅस्टर वाढायच्या ऐवजी आणखी जातो, म्हणून पाठ करण्यापेक्षा समजून घ्या. बुश आर्ममध्ये बसतो, बोल्ट एक्सलच्या ब्रॅकेटमधून जातो. आपल्याला एक्सलचा पुढचा भाग वर आणि मागचा खाली हवाय. म्हणजे पुढच्या बुशचं भोक वरच्या बाजूला, मागच्या बुशचं भोक खालच्या बाजूला. आर्म गाडीत जसा बसतो तसाच टेबलावर ठेवा, पेंटने "पुढे" आणि "वर" असं लिहा आणि बुशवर भोकाच्या जागी रेघ मारा. दोन्ही आर्म शेजारी ठेवून एकदा ताडून पाहा. एक आर्म एका दिशेने आणि दुसरा दुसऱ्या दिशेने बसवलेली गाडी माझ्या पिटवर आली होती. एक्सलच्या ब्रॅकेटवर दोन्ही बाजूंचा पीळ येऊन वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पडली होती.

बुश काढायला आणि बसवायला हायड्रॉलिक प्रेसच हवी. हातोड्याने ठोकून बसवू नका. बाहेरची पोलादी नळी अंडाकृती होते आणि भोकाची दिशा फिरते. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे, कुठेही प्रेसवाला मिळेल. त्याच्याकडे आर्म सुटे करून न्या आणि बुश आत जात असताना रेघेवर स्वतः डोळा ठेवा. बुश अर्धा गेल्यावर थोडा फिरलेला दिसला तर तिथेच थांबवून परत काढायला लावा.

आर्म उतरवताना एका वेळी एकच बाजू. दोन्ही सोडल्या की एक्सल लोळतो आणि ब्रेकची रबरी नळी, एबीएसची वायर ताणली जाते. मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा, चॅसीखाली घोड्या ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. डिफरन्शियलखाली वेगळा जॅक ठेवा, एक्सल त्यावर तोलून धरायला. आपल्याकडच्या पावसात आर्मचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून घट्ट बसतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. आर्म परत बसवताना पुढचा बोल्ट सहज जाईल, मागचा जाणार नाही, कारण एक्सल आता नव्या कोनात फिरायचाय. डिफरन्शियलखालचा तोच जॅक पिनियनच्या नाकाखाली (प्रॉपेलर शाफ्ट जोडला जातो त्या टोकाखाली) घेऊन हळूहळू खाली-वर करत भोक जुळवा. रॅचेट पट्टा लावून ओढलं तरी चालतं. बोल्ट हातोडीने आत घालू नका, चुड्या जातात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, पूर्ण वजनात. गाडी हवेत असताना आवळले तर रबर त्या लोंबत्या कोनात जखडलं जातं, गाडी खाली घेतल्याबरोबर पिळलं जातं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. बोल्ट नुसते टेकवा, गाडी खाली घ्या, दोन-चार वेळा दाबा, मग टॉर्क रेंचने सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. पॉलियुरेथेनच्या बुशला ही भीती नाही, त्यांना ग्रीस लागतं. पण या आर्मची गंमत अशी की एक चाक वर आणि एक खाली गेलं की सगळा पीळ बुशनेच घ्यायचा असतो. कडक पॉलीने गाडीचा फ्लेक्स, म्हणजे चाकं स्वतंत्रपणे वर-खाली जाण्याची क्षमता, घटतो. जंगलात, नाल्यात जाणाऱ्याने रबरच घ्यावं.

जिप्सी आणि पाटेवाल्या जीप: पाचर

पाट्यावरच्या गाडीला एक्सल पाट्याला यू-बोल्टने बांधलेला असतो, म्हणून मधे पाचर घातली की कोन बदलतो. स्वस्त, सोपं आणि नीट केलं तर वर्षानुवर्षं टिकणारं काम.

आधी लिफ्ट कशाने केली ते बघा. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल (पाटा चॅसीला जोडणारी झुलती पट्टी) पुढच्या टोकाला आहे. लांब शॅकल घातलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, पाटा तिरका होतो आणि एक्सलही. पाट्याची एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंतची लांबी समजा १००० मिलिमीटर आणि शॅकल ५० ने लांब केलं. गाडी एक्सलवर उठली फक्त २५ मिलिमीटर, कॅस्टर मात्र जवळपास तीन डिग्री गेला. एवढ्या उंचीसाठी एवढी किंमत मोजू नये. शॅकल मूळचं परत लावा आणि जास्त बाक दिलेले पाटे घ्या. त्यात दोन्ही टोकं सारखी खाली येतात, कॅस्टर फारसा हलत नाही.

पाचरेचं माप असं काढा. एक्सलवरच्या बैठकीची लांबी मोजा. समजा १२० मिलिमीटर आहे आणि ३ डिग्री परत आणायची आहे. तर जाड कड आणि बारीक कड यांत ६.३ मिलिमीटरचा फरक हवा. बारीक कड २ मिलिमीटरच्या खाली नको, म्हणजे जाड कड ८.३. रुंदी पाट्याएवढी पूर्ण, मधे सेंटर बोल्टचं भोक. रबाळे किंवा वागळे इस्टेटमधला मिलिंगवाला एवढं काम सहज करतो. पोलादाचीच करा. अॅल्युमिनियमची पाचर वजनाखाली चेपते, आणि उरणसारख्या खारट हवेत पोलादाशी लागून लवकर खाल्ली जाते. बसवण्याआधी दोन्ही बाजूंना प्रायमर मारा.

जाड कड कुठे? इथे जास्तीत जास्त घोळ होतो. मूळच्या जिप्सीत एक्सल पाट्याच्या वर बसतो. पाचर एक्सलच्या खाली येते, म्हणून जाड कड पुढे. ती एक्सलचा पुढचा भाग उचलते. पाटा एक्सलच्या वर घेतलेला असेल तर पाचर एक्सलच्या वर येते, तेव्हा जाड कड मागे. ती एक्सलचा मागचा भाग खाली ढकलते. बसवून झाल्यावर किंगपिनवर गेज लावा. आकडा वाढलेला दिसला तरच यू-बोल्ट पूर्ण आवळा.

सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बसून एक्सलला पुढे-मागे सरकू देत नाही. पाचर आली की ते डोकं तेवढं आत पोचत नाही. म्हणून पाचरेच्या जाडीने लांब सेंटर बोल्ट आणा, आणि डोकं बैठकीत पूर्ण बसलंय हे डोळ्याने पाहा. यू-बोल्ट जुने परत वापरू नका, एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट दुसऱ्यांदा तसा ताण धरत नाहीत. चार नट आडवे-तिडवे, थोडेथोडे करत आवळा. चार डिग्रीच्या वर पाचर घालायची वेळ आली तर पाचर सोडा आणि बैठक कापून नव्या कोनात वेल्ड करून घ्या, तेही एक्सलचं वेल्डिंग करणाऱ्या अनुभवी माणसाकडून. पाटा एक्सलवर घेतानाच कॅस्टर ठरवून बैठक वेल्ड केली तर पाचरेची गरजच पडत नाही.

पिनियन खाली जातो

पुढच्या एक्सलचा पिनियन मागे, ट्रान्स्फर केसकडे तोंड करून असतो. कॅस्टर वाढवायला एक्सल मागे लोळवला की हे नाक खाली जातं आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) कोन वाढतो. कॅस्टर आणि पिनियन दोन्ही एकाच हाउसिंगवर असल्यामुळे दोघांचं समाधान एकाच वेळी होत नाही. सुदैवाने जिम्नी आणि जिप्सीत टू-व्हील ड्राइव्हला पुढचे हब सुटलेले असतात, तेव्हा हा शाफ्ट फिरत नाही आणि डांबरी रस्त्यावर काही जाणवत नाही. फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या वेगवान गिअरमध्ये) टाकून कच्च्या, ओल्या रस्त्यावर सरळ चालवून पाहा. ठरावीक वेगाला घरघर आली तर अर्धी-एक डिग्री परत सोडा. कोरड्या काँक्रीटवर फोर-हाय लावून ही परीक्षा घेऊ नका.

नवी थार या सगळ्यात बसत नाही. २०२० पासूनच्या थारला पुढे सॉलिड एक्सल नाही, डबल विशबोन आहे. तिथे वरचे कंट्रोल आर्म बदलून कॅस्टर आणतात.

शेवटची जुळवणी

कॅस्टर जागेवर आल्यावर टो बदललेला असतो, तो आता जुळवा. जिम्नीला लिफ्टमुळे एक्सल पॅनहार्डच्या दिशेने बाजूला सरकलेला असतो. दोन्हीकडे मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून टायरपर्यंत मोजा, फरकाच्या निम्मं सरकलंय. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड घालून मध्यावर आणा. मग ड्रॅग लिंकने स्टेअरिंग सरळ करा, आणि स्कॅनर लावून स्टेअरिंग अँगल सेन्सर शून्य करून घ्या, नाहीतर ईएसपीला (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेला) गाडी वळतेय असं वाटत राहतं. हे सगळं झाल्यावर मशीनवर पुन्हा कॅस्टर स्वीप आणि पुन्हा प्रिंट.

रविवारी सकाळी एमआयडीसीच्या आतल्या रिकाम्या रस्त्यावर १५-२० च्या वेगाने पूर्ण वळण घ्या आणि हात सैल करा. स्टेअरिंग बरंचसं आपणहून परत आलं पाहिजे. मग ऐरोली पुलावर जा, तिथे पुलाच्या जोडांवर ६० ने थरकाप सुटतो का बघा. त्यानंतर भिवंडी बायपासवर, ट्रेलर शेजारून जात असताना.

कायद्याचं एकदा बोलून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करायला मर्यादा आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. लिफ्ट करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. क्लेम नाकारला गेल्यावर विचारून उपयोग नसतो.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर आर्मचे बोल्ट आणि यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, पाचशेनंतर परत एकदा. पाचरवाल्या गाडीत पाचरेच्या कडेला चमकदार घासल्याची रेघ दिसली तर ती सरकतेय. यू-बोल्ट सोडून सेंटर बोल्टचं डोकं बघा. दोन्ही प्रिंट, लिफ्टआधीची आणि नंतरची, गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वेळी कुणीही मेकॅनिक गाडी बघेल तेव्हा त्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.